वरून कापून आलेले शर्ट

पंचफुलाबाईनं चाळीस वर्षांत कोणाच्या अंगाला काचणारा कपडा शिवला नाही. चांदूर रेल्वेजवळच्या त्या गावातल्या अर्ध्या बायकांची मापं तिला तोंडपाठ. वाढत्या पोराचा कपडा असला की ती आत दोन बोटं कापड जादा दुमडून ठेवायची. पुढच्या वर्षी उसवलं की झालं. मशीनवर बसली की चुलीवर काय करपलं याचंही तिला भान नसे.

यंदा शाळेच्या गणवेशाचं काम तिच्या बचत गटाला मिळालं. पण कापड वरूनच कापून आलं. कोणी कापलं, कोणतं पोरगं पाहून कापलं, कोणालाच माहीत नाही. पंचफुलाबाईनं चौथीचा एक शर्ट कच्चा टाचून शेजारच्या मोनालीच्या अंगाला लावला. काखेत आवळत होता. आत बोटभर कापड नाही.

गटाची अध्यक्ष बेबीताई. तिला पंचफुलाबाई म्हणाली, "यात पोरीचा हात वर जाऊन नाही राहिला."

"मंग पोरीले सांगा, हात खालीच ठेव म्हणा."

पंचफुलाबाईनं घरचं पांढरं कापड फाडलं आणि चौथीच्या वीसही शर्टांना काखेत पट्ट्या लावल्या. तपासणीला साहेब आला. त्यानं एक शर्ट उलटा केला.

"नमुन्यात ही पट्टी आहे का?"

"नमुन्यात पोरगी कुठं हाय, साहेब?"

साहेब हसला नाही. पट्ट्या काढा, नाहीतर काम दुसऱ्या गटाला.

संध्याकाळी गटातल्या बायका तिच्या ओट्यावर येऊन बसल्या. ललिता म्हणाली, "तुमचा शौक हाय माय, आमचं पोट हाय. कावून आमचं काम घालवता?"

तिनं पट्ट्या उसवल्या. वीस शर्ट, चाळीस काखा. नंतर नमुन्यासारखी सरळ टीप मारली.

पंधरा ऑगस्टला पोरांनी झेंड्याला सलामी दिली आणि चौथीच्या रांगेत टरकन आवाज झाला. मग आणखी दोन. मागं कोणीतरी पुटपुटलं, "म्हातारीले आता दिसत नाही वाटते." त्याच कार्यक्रमात साहेबानं नमुन्याबरहुकूम कामाबद्दल तिला प्रमाणपत्र दिलं. टाळ्या झाल्या. चाळीस वर्षांतली ही पहिली शाबासकी.

दुपारी मोनालीची आई फाटका शर्ट घेऊन आली.

"माह्या पोरीच्या अंगाले लावून पाह्यला होता ना तुमी? मंग असा शिवतांना लाज नाही वाटली?"

"वाटली," पंचफुलाबाई म्हणाली. "तरी शिवला."