तांब्याशेजारचा रेडिएटर

मित्रांनो, मी एक जुना रेडिएटर आहे, ॲल्युमिनियमचा, पाटीएवढा. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलमधल्या एका मोटारीत हीटरच्या मागे माझा जन्म गेला. आता टाउन्सव्हिलमध्ये हीटर लावणार कोण? तिथे जुलैत हिवाळा असतो, पण त्यातही माणसं चड्डीवर फिरतात! इतकी वर्षं मी नुसता बसून होतो. मोटार भंगारात गेली, तेव्हा नेव्हिलने मला बाहेर काढलं.

नेव्हिल गाड्यांचा मिस्त्री. अर्धांगाचा झटका येऊन त्याचा डावा हात लुळा पडला आणि गॅरेज विकावं लागलं. त्यानंतर तो दिवसभर टीव्हीसमोर बसायचा. मुलगी केरिन त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची, तेव्हा तो भिंतीकडे बघायचा.

या केरिनला कॉम्प्युटर पळवायचं वेड होतं. पळवायचं म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगाने चालवायचं. तसं केलं की आतली चिप भाजून निघते, पंखा पुरत नाही. मग चिपवर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी फिरवायचं आणि ते तापलेलं पाणी माझ्यासारख्याने थंड करायचं. शहरात त्याची स्पर्धा होती.

"नळ्या कुठून न्यायच्या तेच जमत नाहीये," ती एकदा जेवताना म्हणाली.

"आण इकडे कागद," नेव्हिल म्हणाला. "गाडी काय नि तुझा डबा काय, पाणी ते पाणीच."

झालं! म्हातारा उठला. पुठ्ठ्यावर आराखडे काढले, खोडले, पुन्हा काढले. पंप खाली, टाकी वर, म्हणजे हवा अडकायची नाही. मला गुडघ्यांत धरून त्याने एका हाताने घासलं, माझ्या वाकलेल्या पात्या एकेक करून सरळ केल्या. घामाने नुसता निथळत होता आणि शीळ घालत होता. मित्रांनो, इतक्या मायेने मला कधी कुणी हात लावला नव्हता.

मला बघून केरिनचा चेहरा उतरला. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र ठेवलं, की तांबं ॲल्युमिनियमला आतून खातं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. गाडीत घालतात ते हिरवं औषधी पाणी, म्हणजे कूलंट, भरलं असतं, तर मी बराच तगलो असतो. पण त्याने थंडावा दोन अंशांनी कमी होतो, म्हणून या मंडळींना शुद्ध पाणीच लागतं. तांब्याची ही खोड ठाऊक नसलेल्या नेव्हिलनेही तोच हट्ट धरला, "दोन अंशसुद्धा सोडायचे नाहीत!"

"कसा झालाय?" त्याने विचारलं.

"एक नंबर, डॅड," ती म्हणाली.

स्पर्धा होईपर्यंत टिकेल, मग गुपचूप बदलू, असा तिचा हिशेब होता. मी ओरडून सांगणार होतो, पण मला तोंड कुठलं? पाणी फिरू लागलं आणि मी आतून झिजू लागलो. त्यात दुखायचंही. वरून मात्र चकाचक होतो. येईल त्या शेजाऱ्याला नेव्हिल मला दाखवायचा.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात यंत्र सुसाट सुटलं. नेव्हिल पहिल्या रांगेत होता. केरिनचा वेगाचा आकडा सगळ्यांच्या वर गेला, टाळ्या पडल्या, आणि माझ्या पोटाला सुईएवढं भोक पडलं. थेंब खालच्या सर्किटवर पडले. चट्‌ असा आवाज झाला, जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

केरिनचा मित्र डेस वाकून बघू लागला. "अगं, हा तर ॲल्युमिनियमचा! तांब्याबरोबर लावू नकोस म्हणून तूच तर मला ओरडली होतीस ना?"

नेव्हिल सावकाश उठला.

"तुला माहीत होतं?"

"डॅड, तू इतका खुशीत होतास..."

"माझा हात गेलाय, केरिन. डोकं नाही गेलेलं."

बस, एवढंच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

केरिनने पुढे तांब्याचा रेडिएटर आणला. पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन ती नेव्हिलसमोर बसली. "सांग ना, कुठे बसवू?" "तुला हवा तिथे बसव," तो म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ती रडली, तरी त्याने मान वळवली नाही. त्यानंतर त्याने कशालाच हात लावला नाही.

मी आता कुंपणाजवळच्या भंगारात पडलो आहे. फेकलं याचा मला राग नाही, भोक पडलेल्या रेडिएटरचं करणार तरी काय? पण मित्रांनो, एक विनवणी आहे. यंत्राचं पाणी वेळेवर बदला, आत डोकावून बघत जा. आणि कुणी स्वतःच्या हातांनी काही करून आणलं आणि ते चुकलं असेल, तर तिथल्या तिथे तोंडावर सांगा. माणूस चिडेल, भांडेल, दोन दिवस बोलणार नाही. मग दुसरं करून आणेल. नेव्हिलनेही आणलं असतं.