नव्या कुलपाला लागलेल्या मुंग्या

नागुबाई बाहेरच्या माणसाला आधी चोर समजत आणि मग पाणी देत. त्यामुळे एकोणीसशे अडतीस साली बेळगावहून विमा कंपनीचा शरद नावाचा एजंट निपाणीच्या त्यांच्या घरी आला आणि दाराच्या फळ्या ठोकून पाहू लागला, तेव्हा पाण्याचा तांब्या त्यांनी हातातच धरून ठेवला.

"बाहेरून कुलूप कुठं लावता?" त्यानं विचारलं.

"लावतच न्हाय," मार्तंड म्हणाला. हा नागुबाईंचा धाकटा भाऊ, तंबाखूचा दलाल. गल्लीत चोरी झाल्यापासून घरातल्या चीजवस्तूंचा विमा उतरवायचं त्यानं डोक्यात घेतलं होतं. "आतनं अडसर हाय. आक्का कायम घरात असतीया."

खरंच होतं ते. नागुबाई विधवा होऊन माहेरी आल्यापासून घर कधी रिकामं राहिलंच नव्हतं. सगळे संकेश्वरच्या रथाच्या जत्रेला जात, लग्नाकार्याला जात. नागुबाई दारामागचा आडवा लाकडी अडसर सरकवत आणि बसून राहत. दाराला बाहेरून साधी कडीसुद्धा नव्हती. त्यांना या कामाचा अभिमान होता, आणि अभिमानाखाली भीती, की हे काम गेलं तर या घरात आपलं काय राहिलं?

शरदनं समजावून सांगितलं. "अडसर मजबूत आहे, पण आत माणूस असेल तोवरच. लोंबतं कुलूप सळईनं कोयंड्यासकट उपटून निघतं. कंपनीला दारात कोरून बसवलेलं लिव्हरचं कुलूप लागतं. म्हणजे घर बंद करून सगळे गेलात तरी चालेल."

"घर बंद करून कोण जातंय?" नागुबाईंनी विचारलं.

मार्तंडनं बायकोकडे, सुनंदाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. नागुबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

सुतार आला, दार कोरलं, पितळी तोंडाचं कुलूप बसलं. किल्ल्या दोन. एक मार्तंडच्या करदोट्याला गेली, दुसरी सुनंदाच्या कनवटीला. नागुबाईंना कुणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून सुनंदानं तूप कमी वाढलं तरी त्यांना संशय येई आणि जास्त वाढलं तर अधिकच येई. एका सकाळी चुलीपाशी मार्तंडचा दबका आवाज त्यांनी ऐकलाच.

"आक्काला नंदगडला न्यायचं. पर आत्ताच बोलू नगंस."

नंदगडला त्यांची सगळ्यात धाकटी बहीण मालुबाई लकवा होऊन अंथरुणाला खिळली होती. म्हणजे आपल्याला आजाऱ्याच्या उशाशी नेऊन टाकायचं आणि इथं दाराला किल्ली! नागुबाईंना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

दुपारी घरातली माणसं कलंडल्यावर त्यांनी वाटीभर काकवीत चुलीतली राख कालवली आणि काडीनं किल्लीच्या भोकात ठासून भरली. वरून पदरानं पुसलं. काम झकास झालं असं त्यांना वाटलं. मुंग्या काही त्यांच्या ध्यानात आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्तंड म्हणाला, "आक्का, नवं लुगडं नेस. सर्व्हिस मोटारीनं बेळगाव, तितनं नंदगड. मालू लई वाट बघतीया तुजी. परवा सगळीच मिळून माघारी यायचं."

"आदी का सांगिटलं न्हाईस?"

"सांगिटलं असतं तर तू म्हणाली असतीस, घर कोण राखणार. म्हणून कुलूप बसंपातूर गप्प ऱ्हायलो."

"आनी मला किल्ली?"

"तू आमच्यासंगंच असणार. तुला किल्ली कशाला?"

नागुबाईंनी लुगडं नेसलं खरं, पण नजर सारखी कुलपाकडे जाई. गाठोडी ओट्यावर आली. मार्तंडनं दार ओढून किल्ली घातली. ती अर्ध्यातच अडकली. त्यानं जोर केला, दुसरी घालून पाहिली, सुताराच्या नावानं बोटं मोडली. सुनंदा वाकली. उंबऱ्यापासून कुलपापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. तिनं कुलपावर बोट फिरवलं, हुंगलं आणि नागुबाईंकडे पाहिलं. नागुबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्या ऱ्हाते," त्या म्हणाल्या. "मला सवय हाय."

"नगं." सुनंदानं आपलं गाठोडं उचललं आणि रागानं पुन्हा आत आपटलं. नवऱ्याला मात्र ती एवढंच म्हणाली, "नवं कुलूप असंच धरतंय. तुमी वन्संस्नी घिऊन जावा. घर मी राखते."

दार लागलं. आत अडसर सरकला. तो आवाज नागुबाईंनी आजवर आतूनच ऐकला होता. बाहेरून तो फार जड लागला.

मोटारीचा भोंगा वाजला तसा मार्तंड गाठोडं घेऊन पुढं निघाला. नागुबाई दाराला तोंड लावून उभ्या राहिल्या.

"सुनंदा, एकटी भिशील न्हवं गं?"

आतून बांगड्या दाराजवळ वाजल्या.

"तुमी भ्यात न्हवतासा व्हय, वन्सं?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"लई भ्यायची," नागुबाई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसत मोटारीकडे चालू लागल्या.