जानरावांचा टिपका

"गाडी कोनाची म्हनले तुमी?" जानरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"माझीच आहे काका." करिश्मानंही तिसऱ्यांदा तेवढ्याच गोडीनं सांगितलं. "मी अमरावतीच्या किसनरावांची मुलगी. बाबांची मॅटाडोर यायची ना तुमच्याकडे, दर उन्हाळ्यात?"

"किसनरावची मॅटाडोर." जानरावांचे डोळे एकदम जागे झाले. "दुपारून निंगली का मूर्तिजापूरले उकयलीच समज. मी त्याले म्हनो, बाबू, तुह्या गाडीले तुह्यापेक्षा जास्त तहान लागते."

करिश्मा हसली. जानरावांच्या पत्नी कौशल्याबाई मात्र दुकानाच्या दारात पदर दातात धरून उभ्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वीचं असं लख्ख निघायचं, आणि सकाळी पोहे खाल्ले की नाही ते दुपारी आठवायचं नाही. दोन वर्षं झाली होती या दुखण्याला. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, औषध सांगितलं नव्हतं. अकोल्याच्या वाशीम बायपासवरचं हे रेडिएटरचं दुकान त्या आता सकाळी नुसतं उघडायच्या, जानरावांना हौदाशेजारच्या स्टुलावर बसायला मिळावं म्हणून.

"आन तू करतं काय, पोरी?"

"दातांची डॉक्टर आहे. सुट्टीत गाडी पळवते."

"मंग दात उपटाचे सोडून गाडी कायले पयवतं?"

मग करिश्मानं सगळं समजावून सांगितलं. कोइमतूरला गाड्या पळवायचा एक खास रस्ता आहे, नुसता वळणांचा. आपली गाडी न्यायची आणि दिवसभर जिवाच्या आकांतानं पळवायची. मागच्या वेळी तिसऱ्याच फेरीत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. गाडीचं रेडिएटर पातळ, वरच्या-खालच्या टाक्या प्लास्टिकच्या. गाडी जुनी, तिच्या मापाचं मोठं रेडिएटर तयार मिळत नाही. तेव्हा बाबा म्हणाले, अकोल्याला जा, जानरावांचा टिपका घेऊन ये.

"आन तठी जिकते कोन?" जानरावांनी विचारलं.

"कोणीच नाही. शर्यत नसतेच ती. ज्यानं त्यानं आपापलं पळायचं."

"मंग हे तं कीर्तनच झालं," जानराव म्हणाले आणि पोट धरून हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

ते हसू ऐकलं आणि कौशल्याबाईंच्या तोंडातला नकार तिथंच विरला. तरी त्यांनी पोरीला बाहेर नेऊन सांगितलंच. "पोरी, यायच्या हाती मी आता काम देत नाई. डाग द्याची बत्ती पेटती ठेवून चालले जातात. कुठी कथलाचा डाग कच्चा राह्यला आन पयता पयता फुटलं, तं उकयतं पानी तुह्या अंगावर येईन."

"हौदात बुडवून बघू, काकू. एक जरी बुडबुडा आला तर नाही लावणार. पण तुम्ही जवळ बसाल का त्यांच्या?"

कौशल्याबाईंनी दुकानाच्या शटरकडे पाहिलं. एवढं एक काम त्यांच्या हातून नीट होऊ दे, विठ्ठला, त्या मनात म्हणाल्या, मग हे शटर मी स्वतःच ओढीन. कारागीर म्हणून जाऊ दे त्यांना दुकानाबाहेर. आजारी माणूस म्हणून नको.

टिपका ही जानरावांची खूण. रेडिएटर गाडीच्या सगळ्यात पुढं असतं, वारा पहिल्यांदा त्यालाच लागतो, म्हणून ते त्याला गाडीचं कपाळ म्हणायचे. काम झालं की वरच्या टाकीवर, अगदी मधोमध, वितळलेल्या कथलाचा एक थेंब सोडायचे. कीर्तनात बुवा कपाळाला बुक्का लावतात तसा. चांदूर बाजारपासून वाशीमपर्यंतचे ड्रायव्हर बॉनेट उघडून तो टिपका एकमेकांना दाखवायचे. जानरावांनी कधी पाटी रंगवून घेतली नाही की कार्ड छापलं नाही. टिपका होता.

नागपूरहून रेडिएटरच्या पोटातली, तीन ओळींची तांब्याची जाड जाळी आली. जानरावांनी तिच्यावरून तळहात फिरवला, झोपलेल्या लेकरावरून फिरवावा तसा, आणि कामाला बसले. कौशल्याबाई शेजारी पाट घेऊन. हातांना काही म्हणजे काही सांगावं लागलं नाही. पितळेचा पत्रा मापात कापला जाई, टाकीच्या कडा वळत. तोंडानं रामकृष्णहरी चालू असायचं आणि हात त्या ठेक्यावर. बाकीचं सारं मात्र निसटत होतं. बत्ती विझवायचं राहिलं की कौशल्याबाई विझवायच्या. चहा पिऊन झाल्यावर ते पुन्हा चहा मागायचे, त्या पुन्हा द्यायच्या.

एका दुपारी जानराव हात पुढं करून म्हणाले, "बाई, तो नवसागर द्या बरं जरा."

कौशल्याबाईंनी डागाआधी लावायच्या नवसागराची डबी दिली. बाई?

थोड्या वेळानं मान वर न करताच ते म्हणाले, "तुमी लय मन लावून मदत करता. गाव कोनतं तुमचं?"

डाग देताना जानरावांचा हात हलू नये, म्हणून त्यांनी आवाजही हलू दिला नाही. "नांदगाव खंडेश्वर."

"असं का," जानराव खूश झाले. "माही सासुरवाडीबी तठीच हाय. मानसं चांगली हायेत तठची. जेवाले वाढतात तं उठू देत नाईत."

"हो," कौशल्याबाई म्हणाल्या. "वाढतात खरे."

त्या संध्याकाळी त्यांना गेल्या हरिनाम सप्ताहातलं कीर्तन आठवत राहिलं. जुन्या शहरातल्या विठ्ठल मंदिरात जानराव तरुणपणापासून टाळकऱ्यांत उभे राहत. त्यांच्या टाळावर बुवा डोळे मिटून चालायचे. त्या दिवशी ऐन रंगात जानरावांचा टाळ थांबला. दोन्ही हात हवेत तसेच, जणू पुढं काय असतं तेच कुणी काढून नेलं. मृदंगवाला वळून बघू लागला. बुवांनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं आणि तोच चरण पुन्हा घेतला. पुन्हा. आणि पुन्हा. सभामंडपातल्या लोकांना वाटलं, बुवांना आज गोडी लागली. जानरावांचा टाळ आपोआप ठेक्यात येऊन मिळाला, तेव्हाच बुवा पुढच्या चरणाकडं वळले. आरतीनंतर कौशल्याबाई पाया पडायला गेल्या, तर ते एवढंच म्हणाले, "माय, हातचा टाळकरी सोडून कुठी जाता येते का कोनाले?"

काम पुरं झालं तेव्हा करिश्मा अमरावतीहून आली होती. तिनंच रेडिएटरच्या तोंडांना रबरी बुचं लावून दिली, जानरावांनी हवा भरली आणि ते हौदात बुडवलं. तिघंही हौदावर वाकली. पाणी हललं, मग निवळलं. एकही बुडबुडा नाही. जानरावांनी ते तसंच धरून ठेवलं, अंगाखांद्यावरच्या पोराला नदीत न्हाऊ घालावं तसं, मग वर काढून शेल्यानं कोरडं केलं.

"जमलं, काका," करिश्मा म्हणाली.

"न जमाले काय झालं?" जानराव म्हणाले. त्यांनी हात धुतले आणि स्टुलावर जाऊन बसले.

कौशल्याबाईंनी बत्ती विझवली नाही. कथलाची कांडी जवळ सरकवली. "अवो, काई राह्यलं तं नाई न?"

"नाई. काय राह्यते?"

त्या थांबल्या. शेला उगाच झटकला. हौदाचं पाणी सोडलं. "पाहा बरं एकदा. वरच्या अंगानं."

जानरावांनी पाहिलं. टाकी पाहिली, कडा पाहिल्या, समाधानानं मान हलवली. "सगयं झालं. चहा मांड."

बुवांसारखंच त्यांनी तिसऱ्यांदाही विचारलं. जानराव रस्त्यावरच्या ट्रकांकडं बघत बसले होते. मग ते लघवीला मागं गेले, तेव्हा कौशल्याबाईंनी कांडी उचलली. आयुष्यभर त्यांना हे करताना पाहिलेलं, पण हात कधी लावला नव्हता. ज्योत जवळ नेली आणि थेंब सुटला. टिपका डावीकडं घसरून बसला. वितळलेलं कथील बोटालाही चाटून गेलं.

"काकू," करिश्मा पुढं झाली.

"चूप राय," कौशल्याबाई म्हणाल्या आणि बोट हौदाच्या तळातल्या उरल्यासुरल्या पाण्यात बुडवलं. "बिनटिपक्याचं कसं जाऊ देऊ, पोरी? किसनराव काय म्हनतीन?"

त्याच आठवड्यात त्यांनी दुकानाचं शटर कायमचं ओढलं.

दीडेक महिन्यानं करिश्मा गाडी घेऊन थेट घरीच आली. दारातूनच सांगत आली की दिवसभर पळवली, रखरखत्या उन्हात पळवली, आणि काटा मधोमध बसला तो बसलाच. चेन्नईची पोरं बॉनेट उघडून बघत होती. एकानं विचारलं, हा टिपका कसला?

जानराव अंगणात बाजेवर बसले होते. पाहुणी कोण ते त्यांना कळलं नाही, पण बॉनेट उघडलेलं दिसलं तसे उठले. आत वाकले. कडेवरून बोट फिरवत नेलं, डाग संपतो तिथवर. जाळीकडं तिरप्या नजरेनं पाहिलं.

"बाई," ते करिश्माला म्हणाले, "कोन्या कारागिरानं केलं हे?"

करिश्मानं कौशल्याबाईंकडं पाहिलं. कौशल्याबाईंच्या ओठांवर 'होता एक' असं आलं होतं. तो शब्द त्यांनी गिळला.

"हाय एक," त्या म्हणाल्या. "अकोल्यातच असते."

"हात हाय बापा त्याचा." जानरावांनी त्या रेडिएटरला दोन्ही हात जोडले. "भेटला तं त्याले माहं रामकृष्णहरी सांगजा. काम सोया आने पक्कं हाय. फक्त टिपका वाकडा लावला त्यानं. घाईत असन बिचारा."

आणि खांद्यावरच्या शेल्याच्या टोकानं ते तो टिपका हळूहळू पुसून लखलखीत करू लागले. कौशल्याबाईंनी भाजल्या बोटाचा हात पदराआड घेतला.