दोन फुटांची चढण

अपघातानंतर सारिका प्रथमच कामावर आली, तेव्हा भडगावच्या वाचनालयासमोर तिच्या चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधून तयार होता. ठेकेदार प्रेमराज कागद घेऊन उभाच होता. उतार वापरण्याजोगा आहे, अशी तिची सही त्याला हवी होती.

तिने चाकांना जोर दिला. अर्ध्यावर पुढची चाके हवेत उचलली गेली. शिपाई भटूभाऊंनी खुर्ची मागून धरली नसती, तर ती उलटलीच असती. त्यांनीच मग तिला रेटत वर नेले.

"चढल्या ना ताई," प्रेमराज म्हणाला.

"मी चढले नाही. मला चढवलं." तिने मागे वळून उताराकडे बोट दाखवले. "जोतं दोन फूट उंच आणि उतार आठच फूट लांब. चोवीस फूट हवा होता. शाळेत त्रिकोण काढला होता की नाही तुम्ही?"

"चोवीस फूट कुठून आणू? पुढे अध्यक्षांच्या गाडीची जागा शे." प्रेमराजच्या बोलण्यात अहिराणी डोकावली.

"भिंतीलगत वळवायचा. जिना वळतो, तसा उतारही वळतो."

"भटूभाऊ आहेतच की रोज. तुम्हाला काय जड?"

"रोज कोणीतरी ढकलल्याशिवाय मला माझ्या टेबलापर्यंत जाता येऊ नये, हे जड आहे."

तिने कागद मांडीवर घेऊन ठळक अक्षरांत लिहिले: उंची दोन फूट, लांबी आठ फूट, वापरता येत नाही. खाली सही केली.

प्रेमराजने ते दोनदा वाचले. "ताई, मग बठ्ठं तोडनं पडी, सगळा उतार."

"उद्या सकाळी तोडा," सारिका म्हणाली. "मी टेप घेऊन समोर बसते."