डावीकडचं मीटर

परंड्याच्या गौराबाईंना पुण्याला जायचं नव्हतं. एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. वय अडुसष्ट, जिना बघितला की गुडघे रुसायचे. पण सकाळची अंघोळ, इष्टलिंगाची पूजा, मग ओसरीवर बसून गल्लीची खबरबात, हे सोडून मुलाच्या नवव्या मजल्यावर जाऊन काय करायचं, ढग मोजायचे?

मुलगा राजशेखर मात्र हट्टाला पेटलेला. एकटी बाई, पडली-झडली तर कळणार कुणाला? शेवटी दिवाळीत मायलेकांचा तह झाला. गल्लीत नुकतीच नवी वीजमीटरं बसली होती. ती म्हणे आपला नंबर आणि आकडा रेडिओवरून सारखा हवेत सोडत असतात. राजशेखरनं पुण्याहून साबणाच्या वडीएवढी डबी आणली, तिला बोटभर एरियल, आणि ती खिडकीत ठेवली. डबी मीटरचा आकडा ऐकणार, इंटरनेटवरून पुण्याला कळवणार, आणि तिथं मोबाईलवर रेघ उमटणार. आईनं हीटर लावला की रेघ वर. अट अशी, की रेघ रोज सकाळी उठली तर आई परंड्यातच राहणार. ज्या दिवशी उठणार नाही, त्या दिवशी राजशेखर गाडी घेऊन येणार आणि आईला उचलून नेणार.

आता त्या डबीला गल्लीतली सगळीच मीटरं ऐकू येत होती. त्यातलं आपलं कुठलं, हे तिला सांगावं लागतं. राजशेखर बाहेर गेला. भिंतीवर एकाच फळीवर दोन मीटरं. घराचे दोन भाग, डावा गौराबाईंचा, उजवा त्यांच्या धाकट्या जावेचा, गिरिजाचा. शहाण्यानं डावीकडच्या मीटरचा नंबर टिपला आणि डबीला दिला. शिकलेला माणूस, दुसरं काय करणार! वाटणीच्या वेळी डावी बाजू आधी धाकट्या दिराला, गिरिजाच्या नवऱ्याला, दिली होती. मग कुरबूर झाली, चिठ्ठ्या टाकल्या, बाजू बदलल्या, पण तारा कुणी बदलल्या नाहीत. तेव्हापासून डावीकडचं मीटर उजव्या घराचं. बिलावर बघावं तर दोन्ही बिलं सासऱ्यांच्या नावावर, आणि सोमलिंगअण्णांना जाऊन बावीस वर्षं झालेली. गौराबाई त्या वेळी आत गव्हाच्या खिरीची, हुग्गीची, कढई ढवळत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नाही.

आठवड्याभरात फोन आला. चार वाजता दिवा कशाला लावलास, झोप येत नाही का? गौराबाई तर सहापर्यंत घोरत होत्या. मग म्हणाला, दुपारी तासभर मिक्सर चालवत होतीस, दमशील. मिक्सर वाजला होता खरा, पण भिंतीपलीकडं. तिसऱ्या फोनला गौराबाईंच्या डोक्यात उजेड पडला. बाहेर जाऊन त्यांनी डावीकडच्या मीटरची तार नजरेनं धरत धरत पलीकडच्या घरापर्यंत नेली आणि तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या.

सांगितलं का मुलाला? छे! अळीमिळी गुपचिळी. त्या दोन दिवस तुळजापूरला जाऊन आल्या, तरी पुण्यात रेघ आपली वेळेवर. पोरगा खूश, म्हणून पुण्याचा विषय बंद.

एकच अडचण होती. जावा-जावांमध्ये नऊ वर्षं विस्तव जात नव्हता. नळाला पाचव्या दिवशी पाणी, आधी घागर कुणाची, यावरून बोलणं तुटलं ते तुटलंच. आणि आता त्याच जावेची बित्तंबातमी पुण्याहून घरपोच यायला लागली. रोज चारला उठते. गुढीपाडव्याला मिक्सरसुद्धा लावला नाही. नवरा गेलेला, मूल नाही, गोडधोड करायचं कुणासाठी? गौराबाईंचा जीव कळवळायचा. मग त्या स्वतःलाच दटावायच्या, मेली आपल्याला काय करायचंय.

वैशाखातली ती सकाळ. साडेसहाला फोन वाजला. चहाचा कप गौराबाईंच्या हातात होता.

"आई, काल संध्याकाळी सातपासून आकडा जागचा हललेला नाही. पंखासुद्धा नाही. तू बरी आहेस ना?"

खरं सांगावं तर सहा महिन्यांचं बिंग फुटणार, आणि बिंग फुटलं की बोचकं बांधायचं. त्या बोलून गेल्या, "गच्चीवर झोपले होते रे. उकाडा लई."

गुडघे दुखतात आणि गच्चीवर कशाला, म्हणून राजशेखर रागावला, पण फोन ठेवला त्यानं.

गौराबाईंनी चहा संपवला. हो, संपवला. त्यांनी पुढं स्वतःच कबूल केलं, म्हणून सांगतो. कप विसळला, उपडा घातला, भिंतीला कान लावला. पलीकडं काहीच नाही. वैशाखात परंड्यात पंख्याशिवाय माणूस झोपतं होय? आणि तो थांबलेला आकडा गिरिजाचा, हे साऱ्या दुनियेत फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

मग मात्र त्या अनवाणीच धावल्या. नऊ वर्षांनी त्या दारावर थाप मारली, हाका मारल्या. आतून कडी. मागच्या खिडकीतून डोकावल्या, तर गिरिजा मोरीच्या तोंडाशी आडवी. समोरच्या बलभीमनं दार फोडलं. मांडीचं हाड मोडलेलं, घशाला कोरड, रात्रभर ओरडून आवाज गेलेला, पण मागच्या मोरीतली हाक पुढं घोरणाऱ्या गौराबाईंपर्यंत पोचली नव्हती. गौराबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाणी पाजलं.

बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून एक दुपार या बाईनं काढली नसती. ते ऐकून गौराबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि लहान पोरासारख्या रडल्या. तो चहाचा कप त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना.

पंधरा दिवसांनी गिरिजाची खाट गौराबाईंच्या पुढच्या खोलीत पडली. राजशेखर कुर्डुवाडीहून एसटीनं आला. त्याला समोर बसवून गौराबाईंनी चिठ्ठ्यांपासून गच्चीपर्यंत सगळं सांगितलं. मग जावेकडं वळल्या.

"गिरिजा, म्या आधी खोटं बोलले. चहा पिले, मग आले."

"आलात न्हवं अक्का," गिरिजा म्हणाली.

राजशेखर मात्र चांगलाच दुखावला होता. सहा महिने तो काकूंची रेघ बघून निवांत झोपत होता. त्यानं लॅपटॉप उघडला आणि उजवीकडच्या मीटरचा नंबर घालायला लागला.

गौराबाईंनी त्याचा हात धरला. "तो नंबर ऱ्हाऊ दे. माझ्यामागं तू हायस. तिच्यामागं हाय कोण? पायावर उभी ऱ्हायली की ती आपल्या घरी जाणार. तिचंच मीटर बघत जा."

"आणि तुला काय झालं तर? तुझं कोण बघणार?"

गौराबाईंना नवव्या मजल्यावरचे ढग दिसायला लागले.

तेव्हा खाटेवरून गिरिजा बोलली. आवाज अजून बसलेलाच होता.

"त्यांचं म्या बघते की. त्या सहाला उठतात. आधी खोकतात, मग तांब्या आपटतात, मग गुडघ्याला शिव्या देतात. नऊ वर्षं झाली, म्या चारला उठून भिंतीला लागून बसते. तांब्या वाजला की मग माझा चहा."

गौराबाई जावेकडं बघत राहिल्या, आणि मग उठून तिच्या पायावरची चादर उगाच सारखी करायला लागल्या.

राजशेखरनं लॅपटॉप मिटला. नंबर बदलला नव्हता. दुपारच्या गाडीनं तो एकटाच परत गेला.