यादीत नसलेलं घर

"आप्पा, तुम्ही मागं बसतायसा काय जरा? पुढं अनुजा बसू दे."

माझा पुतण्या उदयसिंह हे म्हणाला तेव्हा माझा हात गाडीच्या पुढच्या दाराला लागलेला होता. तो मी काढून घेतला. काय करणार? गाडी त्याची, लग्न त्याच्या पोराचं, पत्रिकाही त्याच्याच. मी आपला चुलता.

"का रं? तिचं पुढं काय काम?"

"समदी यादी तिच्या मोबाईलवर हाय. गाडीला जोडायची हाय."

अनुजा म्हणजे उदयची मुलगी, नवऱ्या मुलाची बहीण. पुण्यात नोकरी करते. "आजोबा, मागे ऐसपैस बसा," ती म्हणाली. ऐसपैस! मागच्या सीटवर पत्रिकांचे गठ्ठे, अक्षतांचा डबा, पेढ्यांचे पुडे, आणि त्या सामानात आणखी एक सामान म्हणून मी.

बाहेरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. पण मी साखर कारखान्यात चिटबॉय होतो. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या घेऊन तेहतीस वर्षं बांधाबांधानं हिंडलो. कळंब्यापासून गारगोटीपर्यंत कुणाची वस्ती कुठल्या ओढ्याच्या अंगाला आहे आणि कुणाचं कुत्रं चावरं आहे, हे मला झोपेतून उठवून विचारा. त्यामुळे आमच्या भावकीत लग्न ठरलं की लगेच कुणीतरी म्हणायचं, "आप्पाला घ्या गाडीत." जीप असो, ट्रॅक्स असो, कुणाची उसनी आणलेली मारुती असो, पुढची सीट माझी. मी हात बाहेर काढून वाट दाखवायचो आणि दार आलं की सगळ्यांच्या आधी उतरून हाळी द्यायचो.

कारण आमच्याकडे पत्रिका फोनवर पाठवली तर ती पोचली असं कुणी धरत नाही. घरच्या माणसानं दारात जायचं, अक्षता हातावर ठेवायच्या, 'समद्यांनी यायचं' म्हणायचं, तेव्हा ते आवतण. माहेरवाशिणीचं तर विचारूच नका. माहेरचं माणूस दारात आलं नाही तर सत्तरीची म्हातारीसुद्धा लग्नाला पाऊल टाकणार नाही.

कळंबा मागे पडलं आणि गाडीतली वाट सांगणारी बाई बोलायला लागली. "चार किलोमीटर सरळ जा."

नव्या गाडीत कंपनीनंच सिम घातलेलं आहे म्हणे. उपग्रहावरून गाडी कुठं आहे ते तिला कळतं आणि पुढच्या रस्त्यावर काय चाललंय त्याची खबरही मिनिटामिनिटाला येते. अनुजानं मला हे कौतुकानं समजावून सांगितलं. उदय तर तिला मॅडम म्हणत होता. "मॅडम म्हणत्यात उजवीकडं," असं म्हणायचा आणि गुमान वळायचा. माझं ऐकताना यानं जन्मात कधी वाद घातल्याशिवाय चाक फिरवलं नव्हतं. म्हातारपणी घरात सवत आल्यासारखं झालं मला, आणि तीही गोड आवाजाची.

इस्पुर्लीच्या पुढे मॅडम म्हणाल्या, उजवीकडे वळा. मी पुढे वाकलो. "उदय, सरळ घे. उजवीकडनं लांब पडतंय."

"आजोबा, ती म्हणते की..."

"ती कवा आलती ह्या रस्त्याला? मी सायकलनं गेलोय हितनं, ऊन म्हणू नको, पाऊस म्हणू नको."

उदयनं माझा मान राखला आणि गाडी सरळ घेतली. दीड किलोमीटरवर मोरीचं काम चाललेलं. रस्ता उकरून ठेवलेला आणि उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक उभ्या. आमच्या मागेही दोन ट्रॉल्या येऊन थांबल्या. गाडी वळवून बाहेर पडेपर्यंत पाऊण तास गेला.

"तिला हे सकाळीच कळलेलं, आजोबा," अनुजा हळूच म्हणाली.

उदय नुसता हसला. तो चिडला असता, चार शब्द बोलला असता तरी मी उलटून बोललो असतो. मी पत्रिकांचा गठ्ठा नीट करत बसलो.

त्यानंतर मला कुणी वाट विचारली नाही. एकेक घर येत गेलं. मॅडम म्हणायच्या, "तुमचे ठिकाण उजवीकडे आहे," आणि घर खरंच उजवीकडे असायचं. उदयचा साडू तर गाडीभोवती फिरून म्हणाला, "आदी आप्पा असल्याबिगर आमचं घर घावायचं न्हाय कुणाला. आता बरं झालं की, आप्पांच्या जिवाला आराम." मी पेढा तोंडात टाकला म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोलून गेलो असतो. एका आवाजाचा हेवा करतोय हे कळत होतं, लाजही वाटत होती, पण हेवा काही कमी होत नव्हता.

दुपारी एका झाडाखाली डबा खाल्ला तेव्हा अनुजानं उरलेली नावं वाचली. चार घरं बिद्रीच्या पुढची, बाकी गारगोटीतली. मी ऐकत होतो आणि एकदम घास हातातच राहिला. अंबूअक्काचं नाव नव्हतं.

अंबूअक्का माझी चुलत बहीण, उदयची आत्या. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. बिद्रीच्या अलीकडे रस्त्यापासून आत, उसात तिचं एकटं घर आहे. उदय हायस्कूलला होता तेव्हा दोन वर्षं दुपारचा तिच्याकडे जेवला आहे.

"ही यादी केली कशी गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सगळ्यांना मेसेज केला, आजोबा. ज्यांनी लोकेशन पाठवलं ते आपोआप आलं गाडीत."

अक्काकडे बटणांचा फोन. ती कसलं लोकेशन पाठवते? उदयनं सगळा भार अनुजावर टाकलेला, आणि अनुजाला ही आत्या धड माहीतही नाही.

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट, खरं सांगतो, मला आनंद झाला. सबंध दिवसात पहिल्यांदा भूक लागली आणि मी आणखी एक भाकरी घेतली. म्हटलं, विचारतील. 'आप्पा, कोण ऱ्हायलं का बगा,' एवढं म्हणतील आणि मग मी सांगेन. नाही विचारलं तर लग्नात अक्का दिसणार नाही, भावकी बोट दाखवेल, तेव्हा म्हणेन, इचार तुझ्या मॅडमला.

डबे बांधले. कुणी विचारलं नाही.

बिद्रीच्या अलीकडे एसटीची शेड आहे. तिथूनच अक्काच्या घराकडे पाणंद जाते. शेड लांबून दिसली आणि तिच्यापुढे उभी असलेली बाईही दिसली. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावरून पदर, उन्हासाठी कपाळाशी धरलेला हात. पत्रिकांची गाडी पलीकडच्या गावात येऊन गेली हे तिच्या कानावर गेलं असणार. पाणंदीत गाडी चुकू नये म्हणून ती रस्त्यावर येऊन थांबली होती.

मॅडम म्हणाल्या, "दोन किलोमीटर सरळ जा."

उदयची नजर समोरच्या ट्रॉलीवर. तो तिला ओव्हरटेक करायच्या नादात होता. अक्कानं गाडीकडे बघितलं, मग मागच्या काचेकडे, आणि तिचा हात वर गेला. "बाळू!" अशी माझ्या नावाची हाक मी ऐकली. मी पलीकडच्या उसाकडे तोंड फिरवलं.

"कोण होत्या त्या?" अनुजानं मागे वळून विचारलं. "हात करत होत्या. आजोबा, ओळखीच्या आहेत का?"

सकाळपासून ज्याची वाट बघत होतो ते हेच. मला विचारलं होतं. गाडीतल्या बाईला नाही, मला.

"न्हाय," मी म्हणालो. "वडापच्या जीपची वाट बगत असंल."

उदयनं ट्रॉली मागे टाकली. मग गाडीत मी डोळे मिटून पडलो आणि मी दमलोय असं त्या दोघांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा तसाच ठेवून उठलो. एक पत्रिका माझ्या पिशवीत राहिली होती. राहिली म्हणजे मीच ठेवली होती. अक्षतांची पुडी घेतली, गारगोटीची एसटी धरली आणि त्या शेडपाशी उतरलो.

अक्का अंगणात शेंगा निवडत होती. ठेवणीतलं लुगडं दोरीवर वाळत होतं.

"ये की," ती म्हणाली. "एकटाच?"

"उदयला काम निगालं. मला म्हणला, अंबूआत्याकडं तुमीच जावा."

तिनं पाणी दिलं. मी पिऊन होईपर्यंत ती समोर बसून राहिली.

"काल गेली की गाडी हितनं," ती म्हणाली. "पांढरी."

"दुसऱ्या कुणाची असंल."

"तू हुतास की आत."

मी तांब्या खाली ठेवला. तो उगाच दोनदा सरळ केला. आता ती बोलेल, शिव्या देईल, माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार करेल, असं वाटलं. अक्काचं तोंड फटकळ. आख्ख्या पाणंदीला माहीत आहे.

"बाळू," ती म्हणाली, "तू मागं का बसलावतास रं? तू कवा मागं बसतोस? तब्येत बरी न्हाय व्हय?"

ती खरंच माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती. काल दुपारभर उन्हात उभी राहिलेली बाई आणि तिला लागून राहिली होती ती माझ्या सीटची काळजी. मला मान वर करवेना. पिशवीतून पत्रिका काढली, तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली, कपाळाला लावली, देव्हाऱ्यात ठेवून आली. मी अक्षता काढल्या तशी मात्र तिनं हात मागे घेतला.

"त्या ऱ्हाऊ देत. अक्षता उदयच्या हातनं घीन. दोन वर्सं जेवलाय हितं त्यो."

"घिऊन येतो त्याला," मी म्हणालो आणि अंगणाच्या कडेला जाऊन अनुजाला फोन लावला. गोठ्यापाशी उभं राहिलं की तेवढी रेंज येत होती.

"अनुजा, काल शेडपाशी हात करत हुती ती तुझ्या बाबाची अंबूआत्या. तिच्याच दारातनं बोलतोय, अक्षता ती तुझ्या बाबाच्याच हातनं घेणार म्हणत्या. मी वळखली हुती."

"मग बोलला का नाही, आजोबा?"

"न्हाय बोललो."

तिनं पुन्हा का म्हणून विचारलं नाही. पोरगी शहाणी आहे. एवढंच म्हणाली, "बाबांना घेऊन येते रविवारी. तुम्ही तिथंच आहात ना? मग लोकेशन पाठवता?"

मी असताना लोकेशन कशाला? हे अगदी ओठावर आलं. त्या चारशे हात पाणंदीत तीन फाटे आहेत आणि तिन्ही सारखे दिसतात. दोन्ही अंगाला डोक्याएवढा ऊस. ही एवढी एक वाट होती जी त्या बाईला सापडली नसती. मी वळून बघितलं. अक्का चुलीपुढे वाकून माझ्यासाठी चहात आलं किसत होती.

"कसं धाडायचं, सांग," मी म्हणालो.

अनुजा सांगत गेली, मी चष्मा सावरत एकेक खूण दाबत गेलो. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पडद्यावर हिरवा तुकडा उमटला आणि त्यात एक लाल टिकली.

"आलं, आजोबा," अनुजा म्हणाली. "पोचलं गाडीत."

अक्का चहा घेऊन आली. "काय करत हुतास रं मघाधरनं?"

"तुझं घर दावलं गाडीला, उदय येतोय आयतवारी. आता कुणालाबी येतंय हितवर."

"मंग तू येणार न्हाईस व्हय आयतवारी?"

"येतो की," मी म्हणालो आणि कप हातात घेतला. "मागं बसून येतो."