झोपायच्या खोलीपासून पंधरा फूट

ड्रायव्हरकाकांनी तीस वर्षं अरुंद गल्लीबोळांतून बस काढली, कुठे साधा ओरखडा पडू दिला नाही, आणि स्वतःच्या अंगणातले पंधरा फूट म्हणे त्यांना मोजता आले नाहीत! निदान नगरपालिकेच्या बाईंचं म्हणणं तरी तसंच.

"माझा डोळा म्हणजे टेप, बाई. पंधराच आहेत."

"साडेबारा," बाई टेप दाखवत म्हणाल्या.

बाईंना नियम तोंडपाठ होते. घराच्या आवारात बुटक्या शेळ्या दोनच, त्याही माद्या, आणि खोपटं शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून पंधरा फूट लांब. काकांच्या राई आणि मिरी दोघी माद्या, कुत्र्याएवढ्या, लशी टोचलेल्या. सगळं कसं रीतसर. घोडं अडलं ते अडीच फुटांवर. तक्रार शेजारच्या कवळीवाल्यांची होती. ते घरीच कवळ्या बनवत, दुपारी जरा पडत, आणि नेमक्या त्याच वेळी राईला कंठ फुटे. आता ते प्लास्टरनं माखलेल्या हातांनी कुंपणापाशी येऊन उभे होते. काकांचं आणि त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं.

"पलीकडे सरकवा की खोपटं. एवढी जागा पडलीय," बाई म्हणाल्या.

"नाही सरकवणार."

"का?"

कुणी आपली कीव केली की काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, म्हणून कारण सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं.

"मग आठ दिवसांत शेळ्या हलवाव्या लागतील, काका. माझा नाइलाज आहे."

बाई पुन्हा एकदा मोजायला वाकल्या. तेवढ्यात मिरीनं उडी मारून पुढचे दोन्ही पाय काकांच्या घराच्या खिडकीत टेकले आणि पडदा तोंडात धरला.

"हट! मेले, सोड तो पडदा!" आतून आवाज आला. जीभ जड, शब्द ओबडधोबड, पण दरारा होता.

कवळीवाल्यांचे डोळे विस्फारले. "वहिनी बोलल्या?"

काकूंना अर्धांगवायूचा झटका येऊन दहा महिने झाले होते. वाचा गेली ती गेलीच, असं गल्लीत सगळ्यांनी धरून चाललेलं.

"चार महिने झाले," काका खाली बघत म्हणाले. "शेळ्या आणल्यापासून. एकच खिडकी आहे हो तिला. खोपटं इथे असलं तरच तिला पलंगावरून दिसतं. दिवसभर हळू आवाजात त्यांना रागावते, लाडीगोडी लावते."

"आणि तुमच्याशी?" बाईंनी विचारलं.

"माझ्याशी अजून एक अक्षर नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज कापरा झाला, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला. ते उगाच मिरीला ओढू लागले. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. बाई काही दगडाच्या नव्हत्या, पण साडेबाराचे पंधरा करायचे तरी कसे?

"बाई," कवळीवाले एकदम म्हणाले, "नियम झोपायच्या खोलीचा आहे ना? मग माझी ही खोली झोपायची नाहीच."

"तक्रारीत तर तुम्हीच लिहिलंय."

"तेव्हा होती. आता तिथे माझे साचे आणि भट्टी येणार. मी मागच्या खोलीत झोपेन. या, बघून जा, उगाच खोटं नको." मग काकांकडे वळून ते खेकसले, "बघत काय उभे राहिलात? पलंग शिसवी आहे, मला एकट्याला उचलतोय होय?"

काका कुंपण ओलांडून गेले. दोघा म्हाताऱ्यांनी धापा टाकत, एकमेकांना डावी-उजवी सांगत पलंग दारातून आडवा काढला. मधल्या पॅसेजमध्ये काका थांबले. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण त्यांनी नुसतीच पलंगावरची पकड बदलली.

"दमलात?" कवळीवाल्यांनी विचारलं.

काकांनी मान डोलावली.

"मग टेकवा जरा. घाई नाहीये," कवळीवाले म्हणाले, आणि दोघे त्याच पलंगावर शेजारी शेजारी बसले.